सासूबाईंचा पट्टा

आपली मान आपण कायमची काबूत आणली आहे, असं तक्रारसाहेबांनी त्या सकाळी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं. जाहीर करताना बायकोकडे वळून बघता आलं नाही, कारण गळ्यात सासूबाईंचा मानेचा पट्टा होता.

"अहो, आईचा आहे तो! दुपारी टीव्ही बघताना लागतो तिला!"

"दुपारच्या आत नोकरी पक्की करून परत आणतो!"

तक्रारसाहेब हे नाव त्यांना वीज कंपनीत पडलं. तिथल्या तक्रारींच्या खिडकीत बसून त्यांनी अर्धं आयुष्य मान हलवली. समोरचा ओरडायचा, हे मान हलवायचे. माणूस गार होऊन घरी जायचा. वीज यायची तेव्हा यायची. पुढे कंपनीने खिडकीच्या जागी मशीन बसवलं आणि पन्नाशी ओलांडलेले तक्रारसाहेब एका ट्रस्टमध्ये लागले. समाजसेवी संस्था बघून यायचं आणि कुणाला मदत द्यावी ते सांगायचं, एवढंच काम. पण आधी नवख्यांचं ट्रेनिंग. पास झाले तर नोकरी पक्की, नाहीतर घरी, सासूबाईंच्या शेजारी, टीव्हीसमोर.

"तुम्ही आता देणारे आहात," ट्रेनिंगवाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुम्ही नुसतं 'वा' म्हणालात तरी समोरचे लोक नव्या इमारतीसाठी जागा शोधायला निघतात! म्हणून शब्द द्यायचा नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि मान तर हलवायचीच नाही!"

मग सराव झाला. मॅडम स्वतः अर्जदार झाल्या. तक्रारसाहेबांच्या मानेने पाच मिनिटांत त्यांचं सभागृह, त्यावरचा मजला आणि कुणी मागितलीही नव्हती ती लिफ्ट मंजूर करून टाकली.

"उद्या खरीखुरी भेट आहे," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "गेल्या गेल्या ओळख सांगायची नाही. सांगितली की लोक खुर्च्या पुसायला लागतात. आधी अर्धा तास नुसतं बसायचं आणि बघायचं. मग मी अध्यक्षांना घेऊन येते. तेव्हा जर तुमची मान हलताना दिसली, तर माझ्याच्याने काही होणार नाही. कळलं?"

तक्रारसाहेबांनी जोरजोरात मान हलवली.

म्हणून हा पट्टा.

नव्या माणसाने कोऱ्या मनाने जावं म्हणून मॅडमनी नुसता पत्ता दिला होता. तक्रारसाहेब दारात पोहोचले आणि वरची पाटी वाचून त्यांचा हात पट्ट्याकडे गेला. 'मोफत व्यायामोपचार केंद्र. पाठ, मान, गुडघे.'

पट्टा काढावा, तर आतल्या मानेचा भरवसा नव्हता. ते चोरासारखे कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. एवढ्यात पडदा सरकला आणि केंद्र चालवणाऱ्या फिजिओबाई बाहेर आल्या.

"कधीपासून आहे?"

"काय?"

"मान हो, मान!"

"छे छे, मी पेशंट नाही!"

"पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात. चला आत!"

"मी नुसता बघायला आलोय!"

"बघा की! उताणं झोपलात की छत दिसेल."

"जा हो भाऊ, लाजू नका," बाकावरच्या गुडघेवाल्या आजी म्हणाल्या. "मीसुद्धा महिनाभर नुसती बघायलाच येत होते."

ओळख सांगावी, तर अर्धा तास व्हायचा होता. तक्रारसाहेब टेबलावर आडवे झाले. काही घ्यायचं नाही हा नियम, आणि ते चक्क फुकटचे उपचार घेत होते!

फिजिओबाईंनी पट्टा सोडवला. "हा तुमचा नाही. केवढासा आहे!"

"सासूबाईंचा आहे."

बाईंचे हात थांबले. "सासूचा पट्टा जावई घालतो? काय दिवस येतात हो माणसांवर!" त्यांनी डोळे टिपले. "आज ट्रस्टची माणसं यायची आहेत. त्यांना दाखवायला असाच गरजू हवा होता मला!"

"अहो बाई, तो ट्रस्ट म्हणजे मी..."

कट्ट! बाईंनी मान फिरवली आणि उरलेलं वाक्य घशातच राहिलं.

पडदा सरकला तेव्हा समोर मॅडम उभ्या होत्या. शेजारी वयोवृद्ध अध्यक्ष, कुणाकडे बघायचं तर अख्खेच्या अख्खे वळणारे.

"हे बघा!" फिजिओबाईंनी तक्रारसाहेबांना उठवून बसवलं. "आले तेव्हा मान नुसता दगड होती! आता कशी मोकळी झालीय! काका, हलवून दाखवा!"

मॅडमनी डोळे वटारले. हलवली तर नोकरी जाणार. नाही हलवली तर केंद्राची मदत. बाकावरच्या आजीसुद्धा वाकून बघायला लागल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकलेल्या तक्रारसाहेबांनी आज पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माझी मान धडधाकट होती! मी ट्रस्टचाच माणूस आहे! मान हलू नये म्हणून पट्टा बांधला! आधी अर्धा तास नुसतं बसायचं आणि बघायचं, असा नियम होता हो! या बाईंची काही चूक नाही!"

फिजिओबाईंचा चेहरा पडला. तक्रारसाहेबांना डोळ्यांसमोर सासूबाईंचा टीव्ही दिसू लागला.

"म्हणजे," अध्यक्ष अख्खे वळून म्हणाले, "धडधाकट मानेवरसुद्धा ह्या इतकी मेहनत घेतात? मग माझी बघतील का?"

"सर, नियम..." मॅडम पुटपुटल्या. पण अध्यक्ष टेबलावर चढले होते. पडदा ओढला गेला. कट्ट!

"वा!" आतून आवाज आला. "वा वा! वाहवा!"

मॅडम मटकन बाकावर बसल्या.

"झालं! आता या बाई नव्या इमारतीसाठी जागा शोधायला निघणार!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तुम्ही निदान स्वतःला बांधून तरी आणता. अध्यक्षांना कोण बांधणार? उद्यापासून प्रत्येक भेटीला त्यांच्याबरोबर तुम्ही जायचं. तो पट्टा घेऊन. आणि तो घालायचा त्यांना!"

"म्हणजे मॅडम... नोकरी पक्की?"

"पक्की."

आनंदाच्या भरात तक्रारसाहेबांनी अशी काही मान हलवली, की अर्ध्यात कुठेतरी कळ आली आणि ती डाव्या खांद्यावर जाऊन तिथेच अडकली.

पडदा सरकवून फिजिओबाई बाहेर आल्या.

"बाई!" तक्रारसाहेब तिरके होऊन कळवळले. "मी पेशंट आहे हो!"

"असं?" बाई त्यांच्यासमोरून गुडघेवाल्या आजींकडे जात म्हणाल्या. "मग आधी अर्धा तास नुसतं बसा आणि बघा!"