सात नंबरचा दिवा

सुखदेव मेश्राम कुणाच्याही घरी गेला की आधी माणसं पाहत नाही, भिंती पाहतो. कुठे चार्जर लटकलेला दिसला की उठून जातो, त्याचं बटन चालू आहे का ते बघतो आणि मगच "पाणी द्या" म्हणतो. माझ्या मुलीच्या साक्षगंधात होणाऱ्या विहीणबाई मुलीला कुंकू लावायला वाकल्या, तेवढ्यात हा मागून ओरडला, "अरे, बटन बंद हाये, बटन!" सगळा मांडव भिंतीकडे पाहू लागला. कुणा पाहुण्याचा मोबाईल बंद बटनावर लटकला होता. सुखदेवनं खुर्च्या ओलांडत जाऊन ते दाबलं आणि शांतपणे जागेवर येऊन बसला. विहीणबाई कुंकवाचं बोट तसंच धरून उभ्या होत्या. त्या दिवसापासून माझी बायको त्याला जेवायला बोलवत नाही.

आम्ही दोघं गोंदियात एकाच दुकानासाठी कॅमेरे बसवतो. अठरा वर्षं झाली. या गावात राईस मिलला तोटा नाही, त्यामुळे कामालाही नाही. मे महिन्यात मिलच्या तापलेल्या पत्र्याखाली शिडी लावायची, नाकात कोंडा जाईल तेवढा जाऊ द्यायचा, आणि खालून कुणीतरी सांगायचं, "भैया, थोडा और लेफ्ट." माझे गुडघे कधीच बोलायला लागलेत. सुखदेव माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण अजून माकडासारखा वर चढतो. वर चढला तरी त्याची टकळी सुरूच राहते. विषय एकच. एकच वायर.

आमच्या धंद्यात याला पीओई म्हणतात. म्हणजे नेटची जी वायर कॅमेऱ्याला जाते, तिच्यातूनच करंटही पाठवायचा. वेगळा प्लग नको, वेगळा चार्जर नको. हे नवं काही नाही, सगळेच करतात. पण सगळे ते काम म्हणून करतात, सुखदेव व्रत म्हणून करतो. कुणी दुसरी वायर ओढायचं नाव काढलं की तो दुखावतो. "एकीत होते ना गा," तो म्हणतो, "दुसरी कायले?"

एकदा एका मिलचे सेठ कॅमेऱ्याखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "प्लग तो है नहीं. फिर चल कैसे रहा है?" सुखदेवनं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "सेठजी, बात भी इसी में, बिजली भी इसी में." सेठ म्हणाले, "तो पूरी मिल इसी पे चला दो ना!" दुसरा कुणी हसून मोकळा झाला असता. सुखदेव दिवसभर मनात हिशेब करत राहिला. संध्याकाळी सामान आवरल्यावर तो सेठच्या गादीपुढे जाऊन उभा राहिला आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "नहीं होगा, सेठजी. मैंने बहुत सोचा. छोटी बिजली है." सेठ आपला विनोद केव्हाच विसरले होते.

त्याचं खरं प्रेम त्या स्विचच्या डब्यावर आहे, ज्यातून ह्या वायरी निघतात. का, तर तो डबा आधी विचारतो. नवी वायर लावली की तो एकदम करंट सोडत नाही. अगदी बारीकसा पाठवून पाहतो, पलीकडे घेणारं कुणी आहे का. पलीकडून बरोबर उत्तर आलं तरच खरा करंट. "अन् उत्तर नाही आलं तं?" सुखदेव प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारतो आणि स्वतःच सांगतो, "तं पुन्हा विचारते. घडीघडी विचारते. दिवस जावो का साल जावो, त्याले राग नाही येत." गिऱ्हाईक तोवर चहा सांगायला निघून गेलेलं असतं.

बाजारात न विचारता करंट सोडणारे स्वस्त डबेही मिळतात. मी एकदा कंटाळून तसला एक एका ऑफिसात लावला आणि त्यांचा टेबलावरचा फोन जाळून ठेवला. दुकानमालक ओरडले, ते मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं. पण सुखदेव दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शिडी धरता धरता एवढंच म्हणाला, "कटरे भाऊ, न विचारता कायले देल्लं?"

मला वाटायचं, माणूस वयानं चळत चालला आहे. मग मला शकुबाई कळली.

शकुबाई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच याला वाढवला. गोंदियाला लागूनच्या कुडव्यात दोघांची घरं पुढल्या-मागल्या गल्लीत. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा अचानक गेला. सुखदेव तेव्हा आमगावकडच्या एका मिलमध्ये दोन दिवसांच्या कामावर होता, एकटाच. रात्री त्यानं मोबाईल चार्जिंगला लावला आणि झोपला. चार्जर लावलेला होता, बटन बंद होतं. सकाळी मोबाईल मेलेला. कामाच्या घाईत त्यानं तो तसाच खिशात टाकला. तो संध्याकाळी कुडव्याला पोचला तेव्हा माणसं स्मशानातून परतून हातपाय धूत होती. शकुबाई दारातच म्हणाली, "आता कायले आला?" त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही. तो पाठवेल ते परत. साडी परत, औषध परत, डब्यातली भाजीसुद्धा परत.

हे त्यानं मला सांगितलं ते काम पडलं म्हणून. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो वायरीचं बंडल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई एकटी राहते. बीपी हाये. लाईन गेली का मोबाईल बंद पडते. तिच्याकडे एक फोन लावायचा हाये, करंट माझ्या घरून. माझा स्विच इन्व्हर्टरवर हाये. लाईन गेली तरी तिचा फोन चालू राहीन. उचलला का माझ्याकडचा असाच फोन वाजीन." त्यानं गल्लीतून अंतरही मोजलं होतं. त्र्याऐंशी मीटर. अशी वायर शंभर मीटरपर्यंतच चालते, त्याच्या आत असल्याचा त्याला कोण आनंद!

वायर ओढायला अर्थातच मी. गुडघे माझे, बहीण याची. शकुबाईनं मला चहा दिला, भिंतीला खिळे ठोकू दिले, फोनही कोनाड्यात ठेवू दिला. मी वायरीचं टोक फोनमध्ये खोचायला गेलो तेव्हा म्हणाली, "राहू द्या. टोक खालीच राहू द्या." मग पदरानं फोनवरची धूळ पुसत म्हणाली, "माझ्या माणसाले नेलं तवा याचा फोन बंद. आता मले फोन देऊन राहिला! सांगजा त्याले." मी सांगितलं. सुखदेव बराच वेळ वायरीचा उरलेला तुकडा गुंडाळत बसला. मग म्हणाला, "पण परत नाही केला ना?"

तेव्हापासून त्याच्या घरच्या स्विचवर सात नंबरची वायर रिकामी होती. पलीकडच्यानं करंट घेतला की त्या नंबरखाली पिवळा दिवा लागतो. सातखाली कधी लागला नाही. मी चेष्टेनं विचारायचो, "विचारून राहिला का गा तुझा डबा?" तो गंभीरपणे म्हणायचा, "विचारून राहिला."

यंदा मे महिन्यात वादळ झालं. कुडव्याचे खांब आडवे झाले, दुसऱ्या दिवशीही लाईन आली नाही. दुपारी मी माझा मेलेला मोबाईल घेऊन सुखदेवकडे गेलो. त्यानं माझा चार्जर लावला, बटन दोनदा तपासलं. इन्व्हर्टरवर पंखा कसाबसा फिरत होता. आम्ही त्याच्याखाली बसलो होतो. या वयात दोन माणसांना बोलायला फार काही उरत नाही, आणि उकाड्यात तर तेवढंही नाही.

चारच्या सुमारास सातखाली पिवळा दिवा लागला.

आधी मलाच दिसला. "अरे, लागला!" म्हणत मी त्याच्याकडच्या जोडीच्या फोनकडे हात नेला. सुखदेवनं माझं मनगट धरलं. "नोको, भाऊ. आत्ता घेतलं तिनं. लगेच बोललो तं बाई वायर काढून टाकन."

"मग करायचं काय?"

तो उठला. पंखा बंद केला. कोपऱ्यातला बल्ब बंद केला. मग भिंतीजवळ गेला आणि माझ्या चार्जरचं बटन बंद केलं. अठरा वर्षांत त्यानं कुणाचं बटन बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं. "लाईन कवा येते कोणाले माहीत," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "बॅटरी बाईले राहू दे."

माझा मोबाईल जेमतेम तेरा टक्क्यांवर आला होता, थोड्या वेळात पुन्हा मरणार होता. बायको फोन लावणार, तो लागणार नाही, घरी गेल्यावर ऐकून घ्यावं लागणार, हे मला माहीत होतं. तरी मला फार बरं वाटलं. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. आम्ही दोघं त्या पिवळ्या दिव्यासमोर तसेच बसून राहिलो.