चिमीच्या हसण्याची नोंद

टाइमकीपरने रजिस्टर घरी आणलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

तसं त्याचं काही चुकलं नव्हतं. चिमीसाठी दवाखान्यातून एक गुलाबी कार्ड मिळालं होतं. बाळ कधी हसतं, मान कधी धरतं, आवाजाकडे कधी वळतं, हे सगळं त्यावर छापलेलं. पण लिहायला जागा एवढीशी, की मुंगीलासुद्धा सही करता आली नसती. आणि आपला माणूस बस डेपोत बावीस वर्षं टाइमकीपर. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि शेरा, या तीन रकान्यांशिवाय त्याला जगात काही सुचतच नाही. (लग्नाच्या दिवशी त्याने बायकोकडे बघायच्या आधी घड्याळाकडे बघितलं होतं. बायको ते अजून विसरलेली नाही.) मग डेपोतलं एक जुनं, अर्धं कोरं रजिस्टर त्याने मॅनेजरला विचारून घरी आणलं.

चिमीचं मात्र वेळापत्रकाशी सुरुवातीपासूनच वाकडं. चौदा वर्षं आईबापाला वाट बघायला लावली आणि शेवटी सहा आठवडे आधीच हजर! अठरा दिवस काचेच्या पेटीत काढले बिचारीने. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढीवर लक्ष ठेवा हं."

झालं. एवढं वाक्य पुरलं त्याला.

कार्डाप्रमाणे हसण्याची ठरलेली वेळ आठ आठवडे. आठ गेले, नऊ गेले, दहा गेले. रजिस्टरात हसण्यासमोरचा रकाना कोराच. आणि मग अकराव्या आठवड्यात एका संध्याकाळी बायकोने त्याला दारातच गाठलं.

"अहो, आज चिमी हसली! चांगली तोंडभर!"

"मी बघितलं का?"

"तुम्ही ड्यूटीवर होतात."

"मग लिहिता येत नाही. गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वेळ टाकायची नाही, असा नियम आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"अगं, सगळे ड्रायव्हर असंच विचारतात."

त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो ड्यूटीवरून आला की थेट पाळण्यासमोर खुर्ची टाकून बसू लागला. डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, मांडीवर रजिस्टर, हातात उघडं पेन. चिमी त्याच्याकडे बघायची आणि तो चिमीकडे. दोघांपैकी कोणीच हसायचं नाही. पाच मिनिटांनी तिचा खालचा ओठ थरथरायचा आणि ती भोकाड पसरायची.

"जावईबापू," सासूबाई तिला उचलून घेत म्हणायच्या, "आधी आरशात चेहरा बघा. मीसुद्धा घाबरते तुम्हाला, पोरीचं काय!" (सासूबाई बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या आणि जगात कोणालाही घाबरत नव्हत्या.) त्यांच्या खांद्यावर जाताच चिमी गप्प.

वरवर तो नियम सांगायचा; आतून त्याचा जीव टांगणीला लागला होता. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो बायकोला हळूच म्हणाला, "ते अठरा दिवस... त्यात काही झालं तर नसेल ना गं? मी तिला दिसतो ना? मी कोण, ते कळतं ना तिला?"

बायकोने या वेळी टोमणा मारला नाही. ती म्हणाली, "उद्याच जाऊ डॉक्टरीणबाईंकडे."

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याने रजिस्टर उघडून ठेवलं. "बारा आठवडे पूर्ण. हसणे, चार आठवडे लेट," तो कसंबसं म्हणाला.

बाईंनी चिमीचे डोळे बघितले, कान बघितले, हातपाय हलवून बघितले. मग रजिस्टर बघितलं, आणि त्या पानापाशी जरा जास्तच वेळ थांबल्या.

"मला एक सांगा. गाडी सुटायच्या वेळेच्या आधीच येऊन स्टँडवर उभी राहिली, तर उशीर कुठून मोजता? आल्यापासून, की सुटायच्या वेळेपासून?"

"सुटायच्या वेळेपासून," तो अभिमानाने म्हणाला.

"मग ही पोरगी सहा आठवडे आधी येऊन उभी राहिली, ते कोण वजा करणार? अजून दोन आठवडे हातात आहेत तुमच्या. ठणठणीत आहे ती!"

त्याचा जीव भांड्यात पडला. घाईघाईने तो वजाबाकी करायला खाली वाकला आणि नेमकी तेव्हाच चिमी बाईंकडे बघून हसली. "बघा, बघा!" सगळे ओरडले. त्याने मान वर केली तोवर कार्यक्रम आटोपला होता. पेनाचं टोपण शोधताना ती नर्सला हसली, तेही हुकलं. पण आता त्याला कशाचंच काही वाटेना. त्याने बाईंचे आभार मानले, नर्सचे मानले, बाहेर नंबर लावणाऱ्या माणसाचे मानले, आणि जाता जाता वजनकाट्यालाही मान लववली.

घरी पोचता पोचता चिमीने त्याचा शर्ट, बनियन आणि रजिस्टर, तिन्ही एका दमात ओली केली. सासूबाईंनी रजिस्टर दोरीवर वाळत घातलं, टोपी आणि चष्मा काढून ठेवला, आणि थंडी वाजू नये म्हणून आपली फुलाफुलांची शाल त्याच्या अंगावर टाकली. तसाच तो चिमीला मांडीवर घेऊन बसला.

"चिमे, काही घाई नाही बरं," तो म्हणाला. "तू सवडीने हस. तू आलीस ना, आम्हाला एवढंच पुष्कळ आहे."

आणि चिमी हसली! बोळकं उघडून, हातपाय उडवून, त्याच्याकडे बघत हसली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो घड्याळाकडे बघायचं विसरला.

"फार फुगू नका, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "ती माझ्या शालीला हसतेय. फुलं ओळखीची आहेत तिच्या."

त्याबद्दलही त्याची काही तक्रार नव्हती. त्या दिवसापासून तो ड्यूटीवरून आला की टोपी काढतो, शाल पांघरतो आणि मगच पाळण्याकडे जातो.

रजिस्टर वाळल्यावर त्याने पान उघडलं, तर रकाने आधीच भरलेले. अक्षर बायकोचं. हसण्यासमोर शेरा होता: "गाडी वेळेवर. टाइमकीपर लेट."

त्याने तो तीनदा वाचला आणि मुकाट्याने खाली सही केली.