तीन किलो तांदूळ आणि पुरुषांचे हक्क

अतुलने माइक हातात घेतला तेव्हा सानगडीच्या मंडईत सकाळचे साडेदहा वाजले होते. पुरुषांवरच्या अन्यायाबद्दल त्याला इतकं काही बोलायचं होतं, की सकाळचा चहासुद्धा तो घरी तसाच ठेवून आला होता.

दिवाळी सरली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, दंडारीचा नाच रंगतो आणि लग्नाच्या पोरापोरींच्या सोयरिकीही तिथेच जुळतात. यंदा तरुण मंडळाने वादविवाद ठेवला होता. विषय, 'स्त्री-पुरुष विषमतेला जबाबदार कोण?' पुरुषांच्या बाजूने अतुल. समोरच्या बाजूला त्याची सख्खी बायको तृप्ती, आणि तिच्यामागून सख्खी बहीण प्रतिक्षा. पंधरा दिवस हा वाद घरात चालू होता, आता तो चव्हाट्यावर आला एवढंच.

पण अतुलचा अर्धा जीव दुसरीकडेच होता. बाराच्या एसटीने लाखांदूरची मंडळी प्रतिक्षाला पाहायला येणार होती. मुलगा अनुप, हायस्कुलात मास्तर, निर्व्यसनी. हे स्थळ अतुलने चार वेळा लाखांदूरला खेटे घालून मिळवलं होतं. ते हातचं गेलं तर असं दुसरं मिळणार नाही, या काळजीने तो आठ दिवस धड जेवला नव्हता. बेत साधा होता. अकरापर्यंत भाषणं, मग बायका घरी, आणि पाहुणे आले की गरमागरम जेवण.

"सारे म्हणतात, बायकायवर अन्याय होते!" अतुल गरजला. "अन् आमच्यावर? राबावं आमी, कमवावं आमी, अन् बोलणी बी आमीच खावी! घरचं काम, घरचं काम म्हणून ढोल वाजवून राहिले. अरे, काय आहे त्याच्यात? दोन घंट्याचं काम! आज मंडईचा सैपाक आमी पुरुष करून दाखवतो! आहे का तयारी?"

शिट्ट्या वाजल्या. जोशात गावातल्या यच्चयावत पुरुषांनी हात वर केले. आपण काय कबूल करतोय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तृप्ती शांतपणे उठली. पदर खोचून माइकपाशी आली. "मंजूर!" ती म्हणाली. "बायकाहो, आयकलं ना? आता जागचं कोणी हालाचं नाही!"

बायकांच्या बाजूने असा काही गलका उठला, की शेजारच्या आकाशपाळण्यावाल्याने पाळणा थांबवला. अतुल हसत हसत खाली उतरला, तर वडील मंगरूबाबांनी त्याचा दंडच धरला.

"अरे लेका, बारा वाजता आपल्या घरी कोण येऊन राहिलं, आठवते का तुले?"

अतुलच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत प्रतिक्षाकडे गेला. "प्रतिक्षा, तू तरी घरी चाल. तुह्यासाठीच येऊन राहिले ना ते!"

"माहा नंबर शेवटचा आहे, दादा. बोलूनच येतो. साऱ्या गावासमोर शब्द तू देल्ला ना?"

"आई, तू सांग ना इले!"

तुळसाबाई पहिल्या रांगेत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "मले कायले सांगतं? चाळीस वर्सात पहिल्यांदा मंडई बसून पाहून राहिली मी. हट तिकडं, समोरचं दिसत नाही."

झालं. बापलेक घरी आले आणि चुलीला भिडले.

"बाबा, आठ माणसाले किती तांदूळ?"

"टाक तीन किलो. पाहुण्यात कमी पडाले नको."

"अन् पाणी?"

मंगरूबाबांनी हयातभर धान पिकवलं होतं. कोणत्या जातीचं धान कधी लोंबीवर येतं हे त्यांना तोंडपाठ. पण ते भडकलेच. "धानाच्या बांधीत किती पाणी पाह्यजे ते इचार, सांगतो! भाताच्या गंजात किती ते मले काय मालूम?"

अतुलने तृप्तीला फोन लावला. फोन फळीवरच्या पापडाच्या डब्यामागे वाजला. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या घनश्यामचं डोकं वर आलं.

"अतुल, हळद कोणत्या डब्ब्यात राहते रे?"

"मी बी तेच शोधून राहिलो, भाऊ!"

"मरो तुहे हक्क! दोनदा डाळ जाळली मी तुह्यापाई!"

इकडे चुलीवरच्या गंजाचं, म्हणजे भाताच्या पातेल्याचं, झाकण आपोआप वर उठायला लागलं होतं. भात फुगतो, हे त्या धानाच्या मुलखातल्या दोन पुरुषांना त्या दिवशी प्रत्यक्ष कळलं. अर्धा भात दुसऱ्या गंजात काढला, तर तोही भरून वाहायला लागला. मग परात आली, मग दुधाचं पातेलं. शेवटी मंगरूबाबा नवी बादली धुऊन घेऊन आले. वरणाकडे कुणाचं लक्षच नव्हतं, ते बुडाला लागलं. अतुलचा हात भाजला, सदऱ्यावर हळद सांडली, केसांत शितं अडकली, आणि अंगणातून आवाज आला, "जय भीम! आहेत का घरी?"

अनुप, त्याचे वडील हिरालाल आणि आई चंद्रभागाबाई. पाहुणे ओसरीवर बसले. मुलीसाठी म्हणून समोर एक खुर्ची रिकामी ठेवली होती. अतुल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला, कप वाटले, आणि दमून त्याच खुर्चीत मटकन बसला.

"पोरगी?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"ते... भाषण देऊन राहिली."

"अन् सैपाक?"

"मीच केलो."

चंद्रभागाबाईंनी चहाचा घोट घेतला. चेहरा तसाच ठेवून म्हणाल्या, "नाव काय बाबू तुहं?"

"अतुल. तुमाले माहीत आहे ना, मावशी?"

"पूर्ण सांग. शिक्षण? वय? बरं, जरा उभा राय. चालून दाखव पाहू."

स्थळ मोडायला नको म्हणून बिचारा ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मग बाईंनी भात मागवला, शीत बोटाने दाबलं. "खाली करपलं, वर कच्चं. अन् चालताना खांदे पाडते. आमच्या घरी असं जमत नाही."

अतुलचा बांध फुटला. "मावशी! सकाळपासून उपाशीपोटी राबून राहिलो, हात भाजला, अन् एक बरा शब्द नाही? मी काय बाजारातला बैल आहो, चालून दाखवाले? माणूस आहो ना? मले काय वाटते, ते इचारलं का कोणी?"

दारातून टाळ्यांचा कडकडाट झाला. तृप्ती, प्रतिक्षा, तुळसाबाई आणि अर्ध्या मोहल्ल्याच्या बायका तिथे उभ्या होत्या.

"दादा," प्रतिक्षा म्हणाली, "हे भाषण स्टेजवर कायले नाही केलं? बक्षीस तुलेच भेटलं असतं!"

चंद्रभागाबाईंना हसू आवरेना. "राग नको मानू बाबू. मले चार जागी पाहालं होतं. चौघायनं असंच चालाले लावलं. म्हणलं, आज भेटला मोका तर पाहून घ्यावं." मग त्या प्रतिक्षाकडे वळल्या. "एसटीतून उतरलो अन् माइकवर तुले आयकत तिथंच उभी राहिली मी. पोरगी पसंत आहे आमाले."

अतुलला नाचावंसं वाटलं. भाजलेला हातसुद्धा तो विसरला. पण प्रतिक्षाने ती खुर्ची उचलली आणि अनुपसमोर ठेवली.

"आता तुमी बसा."

अनुप निमूट बसला.

"सैपाक येते?"

अनुपने आईकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहतं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "नाही शिकवलं मी. चूक माही आहे."

सगळ्यांच्या नजरा हिरालालकडे वळल्या. त्यांनी घाईघाईने कप खाली ठेवला. "मले बी कोणी शिकवलं नाही," ते पुटपुटले.

"मंग अजून काही ठरलं नाही," प्रतिक्षा म्हणाली. "मैनाभरानं या. पण तुमच्या हातचा डब्बा घेऊन."

अतुलने कपाळावर हात मारला. गेलं स्थळ, चार खेटे वाया, सगळं गेलं!

अनुप उठला, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि रिकामे कप गोळा करायला लागला. "डब्बा साऱ्यायसाठी आणू," त्याने खाली मान घालून विचारलं, "का तुमच्या एकटीचा?"

प्रतिक्षा पहिल्यांदाच लाजली. "पहिला माह्या एकटीचा."

अतुलने डोळे पुसले आणि जिवाच्या आनंदाने तृप्तीला टाळी दिली. चंद्रभागाबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या.

"अनुप, शिकताना याइले बी संग घे," त्या हळूच म्हणाल्या. "एक डब्बा मले बी पाह्यजे."