कांबळेभाऊंचा दुभाष्या

रोज सकाळी पावणेदहाला कांबळेभाऊ हजेरी घ्यायचे. आमची नाही हो, मशिनांची. ती मशिनं डोळ्यांना दिसायचीही नाहीत. एका काळ्या डब्यात सहा आभासी संगणक चालायचे, भाऊ त्यांना भाडेकरू म्हणायचे. "रेशन? हाय. सातबारा? हाय. टँकर?" एकेकाला हाक मारायची, पडद्यावर उत्तर उमटलं की पुढचा. तोवर तहसीलदार दारात उभे असले तरी भाऊ एक बोट वर करून त्यांना थांबवायचे.

तो डबा आमच्या कचेरीत आला त्याचीही गंमतच. नवा जिल्हा होणार, होणार म्हणून गाजावाजा झाला. आधी सर्व्हर आला, त्याच्यामागून कंत्राटावर भाऊ आले. जिल्हा तेवढा आला नाही. गावाचं नाव मी सांगत नाही, मला अजून चार वर्षं नोकरी करायची आहे. मुखेडहून निलंग्याकडे निघालात की मधे कुठंतरी आम्ही आहोत, एवढं पुरे.

भाऊंचा सगळा जीव नेटवर्कच्या ड्रायव्हरवर. आतलं आभासी मशीन आणि बाहेरचं जग यांच्यात बोलणं घडवणारा तो एक छोटासा प्रोग्राम. भाऊ देगलूरकडचे, तीन भाषांत भाजी घेणारे, म्हणून त्यांनी त्याला दुभाष्या नाव ठेवलेलं. "ताई, कार्ड हाय, वायर हाय, पण दुभाष्या न्हाई तर आतला मुका अन् भाईरचा बहिरा." हे मी शंभरदा ऐकलं असेल. पंखा बंद पडला तरी त्यांचा पहिला संशय दुभाष्यावर. माझं नवऱ्याशी बिनसलं होतं तेव्हाही त्यांनी हेच निदान केलं. मला राग आला, कारण निदान बरोबर होतं.

त्या वर्षी मार्चमध्येच विहिरींनी तळ दाखवला. टँकरचं टेबल माझ्याकडे. दुपारी बाराच्या आत गावांची यादी वर गेली नाही तर दुसऱ्या दिवशी त्या गावांना पाणी नाही. यात सवलत नव्हती, सुट्टीही नव्हती.

एका सोमवारी हजेरीला टँकर बोललाच नाही. भाऊंनी रविवारी, माझं काम उरकल्यावर, त्याला नेटवर्कचं नवं जलद कार्ड जोडून नवा दुभाष्या बसवला होता. चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस, दुसरं काय! दुभाष्या निघाला भलत्याच आवृत्तीचा. मशीन उठायचं, पडदा निळा होऊन पडायचं, परत उठायचं. जुनं कार्ड लावून पाहिलं, तरी तेच. दहा वाजून गेले. व्हरांड्यात चार गावांचे लोक येऊन बसले होते. मी भाऊंना नको नको ते बोलले. ते ऐकून घेत राहिले, बोटं मात्र चालू.

शनिवारची चांगली प्रत आहे, ते म्हणाले, पण ती उतरवायला डब्यात जागा नाही. बिघडलेलं मशीन पुसता येत नव्हतं, रविवारी मी भरलेली गावं त्यातच अडकलेली. मग दुसरं काहीतरी पुसा, असं मी म्हटलं. भाऊंनी पडदा जरा आपल्याकडे वळवून घेतला. मी खुर्ची ओढून पडद्यात डोकावले. सहा भाडेकरूंच्या खाली सातवा होता, निवांत जागा अडवून बसलेला. हा कोण, म्हणून मी खेकसणार तेवढ्यात नाव वाचलं. संगीता.

कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवायची ती संगीता, भाऊंची बायको. दोन वर्षांमागं काविळीनं गेली. तिचा संगणक मरायला टेकला तेव्हा भाऊंनी तो अख्खाच्या अख्खा उचलून, आभासी करून या डब्यात ठेवला होता, कुणाला न सांगता. तिनं लावलेल्या फायली, तिनं अर्धवट टाइप केलेला अर्ज, सगळं जिथल्या तिथं. "त्याला दुभाष्या मी दिलाच न्हाई ताई. भाईरचं काही आत जाऊन तिचं बदलायला नको."

तिचा संगणक दुसरीकडे उतरवून घ्या की, मी हळूच म्हटलं. दोन तास लागतील, ते म्हणाले. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वर फोन करून एक दिवस मागून घेते, असंही मी म्हणाले. मिळणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तहानलेल्या गावाला काय सांगू? माझी बायको आत हाय, उद्या या म्हणू?"

नक्की पुसायचं का, असं मशीन दोनदा विचारतं. भाऊ दोनदा हो म्हणाले.

शनिवारची प्रत उतरली, रविवारची गावं बिघडलेल्या मशीनमधून तिच्यात ओढून घेतली, आणि बाराला पाच कमी असताना यादी गेली. लोक उठून आपापल्या गावी गेले. भाऊ खुर्चीत तसेच बसून. मला सकाळी सोडलेल्या तोंडाची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. दुकान कचेरीसमोरच, त्यामुळे आमच्याकडचे निम्मे अर्ज तिच्या हातचे. हातपंप दुरुस्तीचा एक शोधून काढला, खाली बारीक अक्षरांत तिच्या दुकानाचं नाव. तो भाऊंपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. चौथी ओळ जरा आत सरकली होती, तिथं बोट ठेवून हसले.

"हे दाखवलं असतं तर भांडली असती."

कागद सरकारी, बाहेर नेता येत नाही, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

"ताई, अजून हायत का असले?"

मी रेकॉर्डच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली.