सात कादंबऱ्या आणि एक काळं बोट

या मंडळी, असे दाराशी का थबकलात? सतरंजी ऐसपैस आहे, पुढे सरका. त्या मागच्या आजोबांना तेवढी भिंत द्या टेकायला. आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात राक्षस नाही, अप्सरा नाही. सात जाडजूड पुस्तकं आहेत, प्रत्येकात एक काळा डाग आहे, आणि तो डाग कुणाचा हे शोधायला निघालेला आपल्या रत्नागिरीचा एक गुप्तहेर आहे. हसू आलं तर खुशाल हसा, देव हसणाऱ्यावर रागावत नाही. फक्त शेवटी मी एक मागणं मागणार आहे, तोवर चपला शोधू नका.

तर गुप्तहेर म्हणजे महिपतराव रेवाळे. आपली ओळख ते स्वतःच करून देत. दुसऱ्यावर सोपवली तर तपशील गळतात, असं त्यांचं म्हणणं.

"एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस," ते सुरू करत. "गाडीत चढलो की तिसऱ्या पावलाला सांगायचो, बिनतिकिटाचा कुठल्या सीटवर आहे. माणसाच्या कानाच्या पाळीवरून त्याचं उतरायचं ठिकाण ओळखतो मी. माझ्या नजरेतून सुटलं असं या जिल्ह्यात काही नाही. आणि हा माझा सहाय्यक, वजीर."

सहाय्यक वजीरभाई वस्ता पिशवी सांभाळत मान डोलवत. अठ्ठावीस वर्षं बोटीच्या इंजिनघरात काढून ते घरी परतले होते, ते दुखरे गुडघे आणि शांत स्वभाव घेऊन. याच कानाच्या पाळीवरून महिपतरावांनी एकदा आपल्याच मोठ्या साहेबांना बिनतिकिटाचे समजून पालीला उतरवलं होतं, हे वजीरभाईंना ठाऊक होतं. पण जुन्या मैत्रीत काही पानं उघडायची नसतात. शिवाय डिझेलच्या वासाने वजीरभाईंचं नाक कायमचं बसलेलं, आणि महिपतरावांचं तपकिरीने बुजलेलं. दोघांत मिळून एक धड नाक नव्हतं.

त्या सोमवारी श्रीकृपा वाचनालयाचे कार्यवाह विनोदराव यांनी दोघांना बोलावून घेतलं. विनोदराव नावाला कधीच जागले नव्हते. टेबलावर सात ऐतिहासिक कादंबऱ्या एकावर एक रचलेल्या. त्यांनी वरची उघडली. पान एकशे बत्तीस; वरच्या कोपऱ्यात बोटाच्या टोकाएवढा काळा डाग. दुसरी उघडली, पान एकावन्न, तसाच डाग. तिसरी, पान पंचवीस.

"सातही पुस्तकांत एकेकच," विनोदराव म्हणाले. "कपाट उघडं ठेवण्याचं हे फळ. शनिवारी कार्यकारिणीची बैठक आहे. तोवर माणूस सापडला नाही तर कपाटाला कुलूप, आणि ज्यांच्या ताब्यात कपाट आहे त्यांनी घरी बसावं."

ज्यांच्या ताब्यात कपाट होतं ती मनस्वी पाष्टे शेजारच्या टेबलाशी मान खाली घालून शिक्के मारत होती. रोज पालीहून एसटीने यायची. दोन वर्षांत सगळ्या सभासदांची आवडनिवड तिला पाठ झाली होती. घरात कमावणारी ती एकटी. शिक्का मारताना तिचा हात क्षणभर थांबला, तो वजीरभाईंनी पाहिला.

तेवढ्यात एक बाई आरमाराची कादंबरी घेऊन आल्या. "गो, ही मला झेपेल काय? गेल्या खेपेला नेली ती चाळीस पानांत उशाखाली गेली."

मनस्वीने पुस्तक उघडलं, पानं भराभर उलटली, एके ठिकाणी थांबली आणि हसली. "न्या मावशी. तुम्हाला आवडेल. पण सुरुवात पान साठपासून करा."

"आणि आधीची साठ?"

"ती आवडलीच गोष्ट तर मागाहून वाचा."

बाई खूश होऊन गेल्या. वजीरभाई म्हणाले, "महिपत, ही पोरगी पुस्तकात काय तरी बघून सांगते हां."

"सहाय्यकाने बघायचं नसतं, पिशवी धरायची असते," महिपतराव म्हणाले आणि बोटाने डाग खरवडून जिभेला लावला. डोळे मिटले. "तोफेची दारू!"

विनोदराव दचकले. "पुस्तकात?"

"ऐतिहासिक आहे ना? तोफा असणारच."

"अहो, तोफा गोष्टीत आहेत. त्यातली दारू कागदावर कशी सांडेल?"

"वर्णन जिवंत असेल तर सांडते," महिपतराव शांतपणे म्हणाले. "पण मी म्हणतो ते निराळं. कुणीतरी रत्नदुर्गावर जुनं भुयार खणतंय. हात काळे करून इथे येतो, कादंबरीत खजिन्याचा पत्ता शोधतो."

वजीरभाईंनी हळूच सुचवलं, "त्यापेक्षा ही पुस्तकं कुणी नेली ते रजिस्टरात बघूया काय?"

महिपतरावांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "वजीर, गुन्हेगार काय रजिस्टरात सही करून गुन्हा करतो?"

मनस्वीने कोपराने रजिस्टर अलगद आपल्याकडे ओढून घेतलं. महिपतरावांना ते दिसलं नाही. ते तिच्या कानाची पाळी बघत होते.

मंगळवारी रत्नदुर्गावर जाऊन आले. भुयार काही सापडलं नाही. एक शेळी मात्र सापडली, ती महिपतरावांच्या टोपीला तोंड लावून गेली. बुधवारी सकाळी ते वजीरभाईंच्या ओटीवर उभे राहिले ते विजयी मुद्रेनेच.

"सापडलं! पानांचे आकडे घे. पंचवीस म्हणजे गणपतीपुळे. एकावन्न म्हणजे देवरूख. एकशे बत्तीस म्हणजे कोल्हापूर. हे किलोमीटर आहेत, वजीर! एसटीतला माणूस म्हणून मलाच कळलं. टोळी आहे. डाग म्हणजे भेटीचं ठिकाण."

"आणि पान दोनशे ऐंशी?"

"तिकडे अजून गाडी सुरू व्हायची आहे," महिपतराव म्हणाले. "चल, देवरूख!"

देवरूखच्या स्टँडवर त्यांनी अडीच तास लोकांच्या कानाच्या पाळ्या तपासल्या. एका गृहस्थांनी विचारलं, "काय हो, माझ्या कानाला काय झालंय?" दुसऱ्याने कानच धुऊन आणला. शेवटी दोघांनी भजी खाल्ली आणि परतीची गाडी धरली. येताना वजीरभाईंचे गुडघे बोलत होते, महिपतराव मात्र गप्प. खिडकीबाहेर पाली मागे पडलं तेव्हा वजीरभाई म्हणाले, "ती पोरगी रोज ह्याच रस्त्याने येते. शनिवारनंतर तिला यायला लागणार नाय, असं व्हायला नको."

"होणार नाही," महिपतराव खिडकीकडे बघत म्हणाले. त्या वेळी आवाजात गुप्तहेर नव्हता, साधा माणूस होता. देव असा मधूनच दर्शन देतो.

शुक्रवारी मात्र पुन्हा गुप्तहेर जागा झाला. वाचनालयात भर सभासदांसमोर महिपतराव उभे राहिले.

"सभ्य स्त्रीपुरुषहो! माणूस कादंबरी वाचतो. वंशावळ येते, घराण्याची शाखा येते, उपशाखा येते. डोळे जड होतात. मान पुढे कलते. डोकं पानावर टेकतं. डाग पडतो तिथेच, जिथे वाचकाला झोप लागते! आणि डाग कशाचा? कलपाचा!"

सगळ्यांचे डोळे एकदम फिरले आणि एकाच डोक्यावर येऊन थांबले. वाचनालयात त्या वयाला इतके काळेभोर केस एकट्या विनोदरावांचे होते.

विनोदराव आधी लाल झाले, मग जांभळे. "हे नैसर्गिक आहेत!"

"काल पाऊस नव्हता, तरी कॉलर काळी आहे," महिपतराव म्हणाले.

"तपास बंद!" विनोदराव कडाडले. "मनस्वी, उद्या बैठकीआधी किल्ल्या टेबलावर ठेवायच्या."

"हो," ती म्हणाली. एवढंच.

शनिवारी दुपारी चार वाजता दोघं मित्र वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. महिपतरावांच्या मांडीवर एकशे बत्तीस पानवाली कादंबरी. तपकिरीची डबी उघडायचंही त्यांना सुचत नव्हतं. आत मनस्वी एकेक किल्ली फडक्याने पुसत होती.

बाजारातून वजीरभाईंच्या बायको साबेराभाभी आल्या. हातात पेडवे मासळीची पिशवी, खालून पाणी ठिबकतंय.

"काय हो, कुणी वारलं की काय? चेहरे बघा दोघांचे."

"भाभी, लांब धरा ती पिशवी," महिपतराव म्हणाले. "पुरावा खराब होईल."

भाभी पुरावा बघायला वाकल्या. त्यांचं नाक हललं. पुन्हा हललं. पेडव्यांच्या वासातूनही काहीतरी वेगळं त्यांना लागलं होतं.

"यात बुक्का कुणी लावलाय?"

"काय?"

"बुक्का! देवळातला, काळा. माझ्या बापाचं अत्तर-उदबत्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की बुक्क्याच्या पुड्या बांधायला बसवायचा मला. त्यातला वाळा, नागरमोथा, झोपेत ओळखीन मी. पाच दिवस हिंडताय ते यासाठी? मला विचारायचं होतं की!"

महिपतराव बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात समोरून त्यांच्या सौभाग्यवती तुळसाबाई आल्या. काखेत एक ऐतिहासिक कादंबरी, कपाळावर कुंकवाखाली काळाभोर बुक्का, नुकताच लावलेला. दर शनिवारी कीर्तनाला जाण्याआधी त्या पुस्तक बदलायच्या. चाळीस वर्षं महिपतराव ते कपाळ रोज पाहत आले होते. जिल्ह्यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, हे तुम्हाला आधी सांगितलंच आहे.

"अहो, असे काय बघता?" तुळसाबाई म्हणाल्या.

"हे... हे तू?" महिपतरावांनी पान पुढे केलं.

"मीच. मग?"

आवाज ऐकून विनोदराव बाहेर आले, मागून मनस्वी आली. तुळसाबाईंना कळेना, सगळे आपल्याभोवती का उभे राहिलेत. मग त्यांनी शांतपणे सांगितलं.

"कीर्तनात पूर्वरंग असतो. बुवा अभंग सोडवून सांगतात, बोध करतात. तो संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग आख्यान सुरू होतं, खरी गोष्ट. कादंबरीचंही तसंच. आधी वंश, वतन, हवापाणी, तहाची कलमं. मग एका पानावर कुणीतरी घोड्यावर बसतो आणि गोष्ट चालू लागते. तिथे मी लेखकाला बुक्का लावते. मान नको द्यायला?"

"पण पुस्तक वाचनालयाचं!" विनोदराव म्हणाले.

"म्हणून तर लावते. पुढच्या वाचकाला कळायला हवं ना, हे आपल्याला रुचेल की नाही. बुक्का पंचविसाव्या पानावर असला तर ज्याला गोष्टीची घाई आहे त्याने न्यावं. दोनशे ऐंशीवर असला तर ज्याला तपशिलाची गोडी आहे त्याने न्यावं. पूर्वरंग काही वाईट नसतो हो, पण तो ऐकायला बसण्याची तयारी लागते. आमचे हे बघा, पूर्वरंगात घोरतात आणि थेट आरतीला उठतात."

"आणि ज्यात बुक्काच नाही ते पुस्तक?" साबेराभाभींनी विचारलं.

"त्यात बुवा शेवटपर्यंत बोधच करत राहिले, साबेराबाय. मी नमस्कार केला आणि परत दिलं."

वजीरभाईंनी आत जाऊन रजिस्टर आणलं. या वेळी कुणी अडवलं नाही. सातही पुस्तकांच्या नोंदीत पहिला सभासद क्रमांक एकच होता. नाव: महिपत रेवाळे. कार्ड त्यांचं, वाचन बायकोचं.

महिपतरावांनी मनस्वीकडे पाहिलं. "पोरी, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून, काका."

"मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी..."

मनस्वीने हातातल्या फडक्याशी चाळा केला. "नाव सांगितलं असतं तर काकूंचं वाचन बंद झालं असतं. बुक्क्याची पुस्तकं आणखीही आहेत, सरांना सातच सापडली. त्या बुक्क्यामुळेच मला कळतं, कुणाला काय द्यायचं. लोक अर्धवट पुस्तक टाकून निघून जायचे, ते आता परत येतात. सर ऐकतील असं वाटलं नाही." मग हलकेच हसली. "आणि तुम्ही इतक्या आनंदात तपास करत होतात, काका. मोडवेना."

तपकीर न ओढताही महिपतरावांचे डोळे पाणावले होते.

विनोदरावांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि बोट फिरवत राहिले. डाग असलेली सातही पुस्तकं कपाटात टिकत नव्हती. हातोहात फिरत होती. बाकीच्यांवर धूळ होती. मग स्वतःच्या पिशवीतून त्यांनी एक गलेलठ्ठ कादंबरी काढली. दिवाळीपासून ती त्यांच्याकडे होती आणि खूण चाळिसाव्या पानावर होती.

"तुळसाबाई," ते इतक्या हळू म्हणाले की कार्यकारिणीला ऐकू जाऊ नये, "हिचा... बुक्का कुठे?"

तुळसाबाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि तळहातावर तोललं. "ही वाचलीय मी. दोनशे नऊ. तोवर धीर धरा. पुढे रडू येईल, रुमाल ठेवा."

"पण बुक्का बंद," विनोदराव अधिकार सावरत म्हणाले. "यापुढे कागदाची पट्टी. मनस्वी, तू लिहायचीस. काकू सांगतील." आणि जाता जाता: "किल्ल्या उचल टेबलावरच्या. हरवतील."

बैठकीत कुलुपाचा विषय निघालाच नाही. तुळसाबाई कीर्तनाला गेल्या. पेडवे घरी गेले. महिपतराव रस्त्याने वजीरभाईंना सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, गुन्हेगार ओळखीचाच असतो." वजीरभाई मान डोलवत पिशवी सांभाळत चालले होते.

तर मंडळी, आता माझं मागणं. कधी एखादी जाड ऐतिहासिक कादंबरी हातात घेऊन तुम्ही कपाटापुढे घुटमळाल, ही आपल्याला रुचेल की उशाखाली जाईल, कळेनासं होईल. तेव्हा समोर टेबलामागे जी कुणी बसली असेल तिला विचारा. ती सांगेल. आणि सांगताना ती हसली, तर पालीहून एसटीने येणाऱ्या त्या मनस्वीची आठवण ठेवा, जिने पाच दिवस बोलणी खाल्ली, किल्ल्या पुसून ठेवल्या, पण एका वाचणाऱ्या बाईचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही. एवढी आठवण ठेवा. आता शोधा चपला.