लिंबाच्या वासाची फरशी

तपासणी समिती येणार म्हणून प्राध्यापिका बाईंनी नवऱ्याला प्रयोगशाळेत मदतीला नेलं, ही त्या दिवसाची पहिली चूक. नवऱ्याने मनापासून मदत केली, ही दुसरी.

बाई स्मृतीवर संशोधन करत. उंदरांना लिंबाचा वास द्यायचा आणि पायांना विजेचा हलका झटका. पुढे नुसता वास आला तरी उंदीर जागच्या जागी थिजत. बाईंचं म्हणणं असं, की जनुकं असतात तीच राहतात. पण शिकताना मेंदूत त्यांच्यावर रासायनिक खुणा होतात, आणि कुठलं जनुक वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं, हे त्या खुणा ठरवतात. बाईंचं औषध या खुणा पुसत असे. आज औषध घेतलेले उंदीर हुंदडायला हवे होते आणि शेजारच्या पिंजऱ्यातले, औषध न घेतलेले, थिजायला. नाहीतर प्रकल्प बंद.

समितीसमोर बाईंनी लिंबाच्या अर्काची बाटली उघडली. दोन्ही पिंजरे हुंदडले. औषध न घेतलेल्यांपैकी एकाने तर निवांतपणे मिशा साफ केल्या.

"हे तर औषधाशिवायच विसरले की," अध्यक्ष म्हणाले. "मग औषध हवंय कशाला?"

बाईंनी हवा हुंगली. "अहो, सकाळी फरशी कशाने पुसलीत?"

"घरून आणलं ना, आपलं नेहमीचं. लिंबाच्या वासाचं!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून नवरा अभिमानाने म्हणाला. "चांगलं बाटलीभर ओतलं."

"म्हणजे सकाळपासून नुसता वास, झटका नाहीच! भीती गेली त्यांची!"

"बरंच झालं की. बिचारे किती दिवस घाबरायचे?"

बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्षांचं लक्ष नवऱ्याच्या पायांकडे गेलं.

"तुम्ही पाय खुर्चीवर का घेतलेत?"

नवऱ्याने वाकून पाहिलं. त्यालाही नवल वाटलं. "आत्ता बाटली उघडली तेव्हा वर गेले असतील. घरी हा वास आला, की आमची ही फरशी पुसत येते. पाय खाली दिसले, की मग..."

"मग बाई काय करतात?"

"आता काही नाही हो. पूर्वी ओरडायची. आता पाय खाली नसतातच."

"पण सकाळभर तुम्हीही याच वासात होतात. तरी?"

"तरी," नवरा म्हणाला.

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. घरी त्यांनी विजेचा झटका कधीच वापरला नव्हता.

"काही खुणा अशा जात नाहीत तर," अध्यक्ष म्हणाले. "बाई, तुमच्या औषधाची गरज पटली. मुदत वाढवू."

समिती उठली. अध्यक्षांना मात्र जरा वेळ लागला. टेबलाखाली, खुर्चीच्या आडव्या दांडीवर चढवलेले दोन्ही पाय त्यांना आधी खाली घ्यावे लागले.