गोवऱ्यांवरचा लझानिया

श्रावणभर मारोतरावांच्या घरात मटणाचं नावसुद्धा निघालं नव्हतं, आणि ते निघू नये म्हणून राहीबाईंना फार कष्ट पडले होते. मारोतराव तसे देवभोळे, पण त्यांची भक्ती जिभेपर्यंत पोचायच्या आतच दमून जायची. महिनाभर ते दोडकी, कारली आणि भेंडी खात होते. भाजी आदिलाबादशेजारच्या मावला गावाजवळच्या स्वतःच्याच शेतातली, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. पोळा आला, बैल सजले, पुरणपोळी झाली, ते सगळं ठीकच. मारोतरावांचा खरा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. त्या दिवशी गावात घरोघर मटण शिजतं.

यंदाच्या करीचं मटण सुनेनं करायचं ठरलं. रुपा बेल्लमपल्लीची. देवानंदशी लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. लग्नाआधी ती हैदराबादला एका बेकरीत कामाला होती, आणि तिथे शिकलेला लझानिया नावाचा पदार्थ तिला सासरी करून दाखवायचा होता. राहीबाईंनी आधी साफ नाही म्हटलं. मग रुपानं पदार्थ समजावून सांगितला. खाली खिमा, त्यावर कणकेची पातळ पोळी, त्यावर दुधामैद्याचा पांढरा सॉस. पुन्हा खिमा, पुन्हा पोळी, पुन्हा सॉस. मग आणखी एकदा खिमा आणि सगळ्यात वर चीज. मारोतरावांनी यातला फक्त खिमा मोजला. तो तीनदा आला होता.

"करू दे तिले," ते म्हणाले. "पोरगी हौसेनं म्हणून राह्यली."

करीच्या सकाळी ताजा खिमा आला. आदिलाबादच्या दुकानातून देवानंदनं चीज आणलं. रुपानं पांढरा सॉस ढवळायला घेतला तेव्हा राहीबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं की खिरीत मटण घालायचं हे कोणत्या मुलखात चालतं. पण खिम्याचा वास सुटल्यावर त्याही चुलीजवळ पाट ओढून बसल्या. सगळे थर जर्मनच्या पसरट गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, नीट बसले, आणि मग लक्षात आलं की हे भाजायचं कशात याचा विचार कोणीच केलेला नाही. ओव्हन घरात नव्हता. कुकरमध्ये गंज मावेना. सगळं कढईत उलटून रस्सा करून टाकू, असं राहीबाई म्हणाल्या आणि रुपाचे डोळे भरून आले.

तेव्हा मारोतराव उठले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. रोडगा म्हणजे कणकेचा थराथराचा गोळा. तो बाहेरून करपू न देता आतपर्यंत भाजायचा, तर निखाऱ्याचा स्वभाव कळावा लागतो.

"थरावर थर, अन् खालून-वरून इस्तव," ते म्हणाले. "हा तं रोडगाच झाला. याच्या पोटात मटन हाय, एवढंच."

सगळे शेतावर गेले. टिनाच्या शेडखाली मारोतरावांनी गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, निखारे फुलू दिले. गंजावर झाकण ठेवून कडा कणकेनं लिंपल्या आणि गंज आत पुरून वर राखेची चादर ओढली. मग खाटेवर बसून ते ढिगाकडे पाहत राहिले. रुपाला सासऱ्यांबद्दल एकदम माया दाटून आली. असं कौतुक तिच्या स्वतःच्या वडिलांनीही कधी केलं नव्हतं.

पण एक गोष्ट मारोतरावांच्या ध्यानातून निसटली होती. त्या भागात रोडग्याच्या जेवणाला आमंत्रण नसतं. शेतातून गोवऱ्यांचा धूर निघालेला दिसला की ज्यानं त्यानं आपलं ताट घेऊन जायचं, अशी रीत. करीच्या दिवशी मटण सोडून रोडगे खायला कोण येणार? येणार ते माळकरी. मारुतीच्या पारावर भजनी मंडळ बसलं होतं. साऱ्या गावात मटण शिजत असताना त्यांनी दुसरं करायचं तरी काय? त्यांना धूर दिसला.

बांधावरून टाळ वाजले तेव्हा मारोतराव खाटेवरून उडालेच. पुढे मंडळाचे प्रमुख भगवानराव, मागे टाळवाले बाबाराव, त्यांच्या मागे बाकीचे, आणि प्रत्येकाच्या काखेत ताट.

"मारोतराव," भगवानरावांचा आवाज कापत होता, "करीच्या दिवशी आमाले कुत्रं इचारत नाई. मानूस जेवला का नाई जेवला. तुमी आमच्यासाठी रोडगे लावले."

हे रोडगे नाहीत, असं सांगायला मारोतरावांनी तोंड उघडलं होतं. पण भगवानरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आपण इतके चांगले आहोत असा समज कोणी करून घेतला की तो मोडवत नाही.

"मंग काय तर," मारोतराव म्हणाले. "बसा. थोडा येळ लागन."

थोडा वेळ म्हणजे किती, ते राहीबाईंनी नुसत्या नजरेनं विचारलं. देवानंद मोटारसायकल घेऊन कणकेला आणि तुपाला पळाला. रुपानं शेतातली वांगी तोडली. मारोतरावांनी शेडच्या दुसऱ्या टोकाला वेगळा विस्तव केला. पहिला ढीग कशाचा, असं बाबारावांनी विचारलं तेव्हा तो राखेसाठी आहे, वांग्यावर राख मारली की कीड जाते, असं त्यांनी ठोकून दिलं. गंज बाहेर काढायची सोय उरली नव्हती. मंडळी नेमकी त्या ढिगाशेजारीच ऊब घेत बसली होती.

रोडगे वळून होईपर्यंत ढिगातून खदखद ऐकू यायला लागली. कणकेचं लिंपण कुठेतरी फुटलं असावं. मग वास आला. खिम्याचा, लसणाचा आणि त्यावर भाजलेल्या चीजचा असा तो वास होता.

भगवानरावांनी नाक वर केलं. मारोतराव घाईनं म्हणाले की गावात कर चालू आहे, वाऱ्यावर येतोय.

"वारा तं इकून तिकडं जाऊन राह्यला," बाबाराव म्हणाले.

"मंग फिरला असन," मारोतराव म्हणाले, आणि रुपानं ढिगावर आणखी दोन पाट्या राख ओतली.

रोडगे मात्र नेहमीसारखेच झाले, म्हणजे उत्तम. तुपात कुस्करलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, आणि तृप्त होऊन पुन्हा पुन्हा मागणारी माणसं. यजमान म्हणून मारोतराव वाढत होते, पण त्यांचा जीव राखेखाली होता. एवढ्या वेळात खालची पोळी करपली असेल, सॉस आटला असेल, खिम्याचा कोळसा झाला असेल. जेवण आटोपलं तरी मंडळी उठेनात. उलट भजन सुरू झालं. एक संपलं की भगवानराव दुसरं घेत.

शेवटी भगवानराव उभे राहून बोलायला लागले. मारोतराव ढिगाजवळ उकिडवे बसले होते. खदखद थांबली होती, आणि ती का थांबली याच्या काळजीनं त्यांचा कान राखेला लागला होता. भगवानराव औदार्याबद्दल काहीतरी म्हणत होते. मग त्यांनी दोनदा विचारलं, "मारोतराव, तयारी हाय ना तुमची? मनापासून हाय ना?"

"हाव, हाव," मारोतराव मान न वळवता म्हणाले. "मनापासून हाय. फक्त लवकर उरका."

मंडळींनी मोठ्यानं गजर केला. मारोतरावांच्या मानेला काहीतरी गार लागलं. त्यांनी हात लावून पाहिला. गळ्यात तुळशीची माळ होती, आणि समोर भगवानराव त्यांना वाकून नमस्कार करत होते. त्यांच्याही आधी राहीबाईंनी हात जोडले होते. हा दिवस दाखव म्हणून त्या कित्येक वर्षं देवाला विनवत होत्या.

मंडळी टाळ वाजवत गेली. देवानंदनं राख सारली, गंज काढला, झाकण उचललं. काहीही करपलं नव्हतं. चीज वरून सोनेरी झालं होतं, कडांशी रस्सा चमकत होता, आणि चमच्यानं कापलं तर थर न् थर वेगळा दिसत होता. रुपा आनंदानं हसली, आणि सासऱ्यांच्या गळ्याकडे पाहून लगेच थांबली.

"बाबा, घडीभर काढून ठेवा," देवानंद हळूच म्हणाला. "कोन पाह्यते?"

"मी पाह्यते," राहीबाई म्हणाल्या.

चौघं जेवायला बसली. राहीबाईंनी लझानियाचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मारोतरावांच्या ताटात उरलेला रोडगा होता. त्यांनी तो बराच वेळ नुसता चिवडला.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "वरचं ते चीज, दुधाचंच असते ना?"

"दुधाचंच मामाजी," रुपा म्हणाली.

मारोतरावांनी चमचा पुढे केला. राहीबाईंनी गंज अलगद आपल्याकडे ओढून घेतला.

"दुधाचंच हाय," त्या म्हणाल्या, "पन मटनाच्या मांडीवर बसलं हाय."

मारोतरावांनी चमचा मागे घेतला आणि वांग्याची भाजी आणखी वाढून घेतली.